योजना मिळेल हो, आधी अकाउंट्स गाठा

उपनगरातलं कॉलेज, झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचा गॅस सेन्सर, आणि त्यावरच्या संशोधनाला 'सरकारी पैसा नेमका मागायचा कुठे?' हा तुमचा प्रश्न. पोस्ट वाचताना वाटलं, माझीच जुनी फाईल कोणीतरी उघडली.

'नॅनो' नाव असलेलीच योजना शोधत बसू नका. जुन्या लेखांत 2007 च्या नॅनो मिशन या केंद्राच्या योजनेचे 1000 कोटी अजून मिरवतात. सर्बचे, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या जुन्या केंद्रीय मंडळाचे, फॉर्मही डाउनलोड करू नका. 2023 च्या कायद्याने एएनआरएफ (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) आलं आणि 2024 मध्ये सर्ब त्यात विलीन झालं. एएनआरएफच्या सर्वसाधारण कॉलमध्ये, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीत, सेन्सर अगदी नीट बसतो. नोकरीत नवीन असाल तर त्यांचीच नव्या संशोधकांसाठीची अर्ली करिअर ग्रँट आधी बघा, वयाच्या अटी मात्र तुम्हीच तपासा. बीआरएनएस, म्हणजे अणुऊर्जा विभागाचं संशोधनाला निधी देणारं मंडळही आहे, पण तिथे त्या विभागातला सहकारी शास्त्रज्ञ जोडीला हवा. मुंबईत ट्रॉम्बेचं भाभा अणु संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर असताना लोक हे दार का ठोठावत नाहीत, कळत नाही.

आता खरं दुखणं. प्रोजेक्ट मंजूर होणं सोपं, पुढचा हप्ता मिळणं कठीण. तो येतो युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (यूसी), म्हणजे पैसे कसे खर्चले त्याच्या दाखल्यावर; सरकारी वित्तीय नियमांतला त्याचा फॉर्म जीएफआर 12-ए. आमच्या अकाउंट्सने ग्रँटचे पैसे कॉलेजच्या सर्वसाधारण खात्यात ठेवले होते. ग्रँटवरचं व्याज वेगळं दाखवून परत करावं लागतं, आणि ते वेगळं काढायला कोणी तयार होईना. "मॅडम, ऑडिट चालू आहे, एप्रिलनंतर बघू." एप्रिलनंतर सीएची सही राहिली, सही झाली तर शिक्का राहिला. या सगळ्यात प्रोजेक्टवरच्या जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) मुलाची फेलोशिप थकली. घरचं भाडं कसं भरणार? शेवटी तो औषध कंपनीत लागला. हुशार पोरगा होता. त्याच्या अर्ध्या रीडिंग्जचा अर्थ आजही मला लागत नाही. आणि हेच ऑफिस ओव्हरहेडचे, म्हणजे ग्रँटमधले संस्थेच्या वाट्याचे पैसे मात्र पहिल्याच आठवड्यात वळते करून घेतं!

म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी प्राचार्यांकडून लेखी घ्या: वेगळं खातं, व्याजाची वेगळी नोंद, आणि मार्च संपल्यावर यूसी कोण आणि कधीपर्यंत देणार त्याचं नाव. तोंडी 'हो हो' चालत नाही. हा माझ्या कॉलेजचा अनुभव; तुमचे लोक चांगले असतील तर देव पावला.

बजेटमध्ये टीईएम, म्हणजे महागडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, विकत घ्यायचा मोह टाळा. असल्या मशीनची मागणी बघूनच समिती बिथरते, असं माझं मत. पवईत आयआयटीच्या सैफमध्ये, म्हणजे बाहेरच्यांनाही खुल्या असलेल्या उपकरण केंद्रात, सॅम्पल तपासून मिळतात, त्यांचे दर जोडून 'अ‍ॅनालिसिस चार्जेस' लावा. सेन्सर क्लीनरूममध्येच (धूळमुक्त प्रयोगशाळेत) बनवायचा असेल तर तिथलीच आयएनयूपी ही नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा वापरू देणारी योजना बघा, बाहेरच्या कॉलेजवाल्यांनाही घेतात.

तुमचं कॉलेज अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? तेवढं सांगा, कारण काही कॉलच्या पात्रता अटी तिथेच अडतात.