टेरारिया या खोदकाम-बांधकामाच्या गेमचं नवीन अपडेट आलं की जुनं वर्ल्ड (आपण खेळतो तो नकाशा) टाकून नव्याने सुरुवात करावी लागते का? आणि अजून अपडेट येतील का?

लागत नाही. जुनं वर्ल्ड नव्या आवृत्तीत उघडतं. नव्यात सेव्ह झालेलं वर्ल्ड जुन्या आवृत्तीत मात्र उघडत नाही, म्हणून अपडेटआधी फाइलची कॉपी काढून ठेवा.

तुम्हाला ‘नव्यानेच खेळलं पाहिजे’ असं कोणीतरी ठणकावून सांगितलेलं दिसतंय. माझा एक मित्रही तसाच. गेम आला मे २०११ मध्ये, त्याच डिसेंबरात १.१ हे अपडेट आलं आणि आमच्या जुन्याच वर्ल्डमध्ये आम्ही वॉल ऑफ फ्लेश या बॉसला पाडून हार्डमोड, म्हणजे गेमचा पुढचा अवघड टप्पा, सुरू केला. डीमन ऑल्टर (जमिनीखालच्या वेद्या) फोडले की नवीन धातू तिथेच तयार व्हायचे, त्यामुळे वर्ल्ड बदलायचा प्रश्नच आला नाही. मग फेब्रुवारी २०१२ मध्ये गेम बनवणाऱ्या अँड्र्यू स्पिंक्सने काम थांबवल्याचं जाहीर केलं. ‘मेला गेम’ म्हणून मित्राने तो काढून टाकला.

१ ऑक्टोबर २०१३ ला १.२ आलं आणि साहेब परत हजर. म्हणे जुनं डिलीट कर, यात जंगल टेंपल नाही. ते खरंच नव्हतं. टेरारियाचं वर्ल्ड सुरुवातीलाच अख्खं तयार होतं, मागाहून त्यात टेंपल उगवत नाही. आणि टेंपल नाही म्हणजे तिथला बॉस गोलेम नाही. पण तेवढ्यासाठी मी माझा किल्ला का पुसू? माझं कॅरेक्टर (खेळाडू, त्याच्या सामानासकट) घेऊन नव्या वर्ल्डमध्ये गेलो, गोलेमला मारलं, माल जुन्या घरी आणून चेस्टमध्ये भरला. त्याच्या मते ही चोरी. २०१५ मध्ये १.३ आलं, मार्बल-ग्रॅनाइटच्या गुहा आल्या, तेव्हाही मी तेच केलं आणि त्याने पुन्हा तेच ऐकवलं.

चोरी कसली? कॅरेक्टर आणि वर्ल्ड या पहिल्यापासून दोन वेगळ्या फाइली आहेत. बनवणाऱ्यांना हे नको असतं तर त्यांनी कुलूप घातलं असतं. ते त्यांना येतंही. १.४ मधल्या जर्नी मोड या सोप्या खेळप्रकाराचं कॅरेक्टर फक्त जर्नी वर्ल्डमध्येच जातं. बाकीची दारं त्यांनी जाणूनबुजून उघडी ठेवली आहेत. इतक्या वर्षांचे फुकट अपडेट जुन्या खेळाडूंना पचले ते याचमुळे, असं माझं ठाम मत आहे.

पुढे अपडेट येतील का, तर ‘शेवटचं’ या शब्दावर इथे विश्वास ठेवू नका. २०२० च्या १.४ चं नावच ‘जर्नीज एंड’ (प्रवासाचा शेवट) होतं. त्याच वर्षी १.४.१ आलं, २०२१ मध्ये १.४.३ आणि सप्टेंबर २०२२ मध्ये १.४.४. अपडेटची वाट बघत खेळणं लांबवू नका.

मित्र अजूनही दर अपडेटला तांब्याची तलवार घेऊन शून्यातून सुरू करतो आणि शेवटच्या बॉसपर्यंत, मून लॉर्डपर्यंत, एकदाही पोचलेला नाही. खुशाल करावं, फक्त त्याला नियम म्हणू नये.

हां, काही सर्व्हर कॅरेक्टर स्वतःकडेच ठेवतात, तिथे बाहेरून सामान नेता येत नाही. आणि टीमॉडलोडरवर (चाहत्यांनी केलेले बदल, म्हणजे मॉड, चालवणारं सॉफ्टवेअर) खेळत असाल तर त्याचे सेव्ह वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. तिथे मॉड अपडेट झालेत का ते आधी बघा, मगच जुनं वर्ल्ड उघडा.