१२ कामगारांच्या वर्कशॉपमधून दोघांना कमी करायचंय. संसारी माणसाला ठेवून अविवाहित मुलाला काढणं योग्य का?

नाही, कोणाचं लग्न झालंय यावर ठरवू नका. त्या-त्या कामावर जो सर्वांत शेवटी लागला तो आधी, हाच क्रम धरा. लघुउद्योगांच्या पगारपत्रकांचं काम करतो म्हणून सांगतो, औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली आला तेव्हापासून हा नियम चालत आलाय. दया म्हणून एकाला ठेवलंत की दुसऱ्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे हे नंतर कळतं, आणि उरलेले दहा जण 'शेठचा लाडका' एवढंच लक्षात ठेवतात. आपुलकी दाखवायची ती सांगण्याच्या आणि देण्याच्या पद्धतीत:

- स्वतः समोर बसवून सांगा. सुपरवायझरकरवी नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच.
- वर्ष भरलेल्याला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. (हे उपकार नव्हेत, कायद्याने द्यावंच लागतं. ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती वेगळी.)
- अनुभवपत्र त्याच दिवशी हातात. पुन्हा भरती निघाली तर पहिला फोन त्यांनाच.

मात्र नवा मुलगाच सीएनसी मशीन चालवतो आणि ते बाकी कोणालाच येत नाही, असं असेल तर क्रम मोडता येतो. पण कारण लेखी नोंदवा आणि नोटीस काढण्याआधी तो कागद कामगार कायद्याच्या सल्लागाराला दाखवून घ्या.