धुऱ्यावरची आग आणि ०.५९३

बाबू, कॉम्प्लेक्सिटीचा, म्हणजे साध्या साध्या तुकड्यांचं मिळून काय नवंच घडतं त्याचा, अभ्यास कुठून सुरू करू म्हणतोस ना? पुस्तकं राहू दे, चौकटीची वही घे.

उन्हाळ्यात धुरा, शेताचा बांध, पेटवताना पाहिलंच असशील. गवत विरळ असलं तर आग दोन हात जाऊन विझते. दाट असलं तर शेजाऱ्याच्या कुटाराच्या ढिगापर्यंत, अन् मग पंचायतीपर्यंत! वहीत २० बाय २० घरं आख. दहा चिठ्ठ्यांपैकी चारवर ‘गवत’ लिही, प्रत्येक घरासाठी एक उचल, परत टाक. डावीकडून आग लाव. ती फक्त चार बाजूंच्या घरांत जाते. बहुतेक मधेच मरेल. मग सात चिठ्ठ्यांवर ‘गवत’ लिहून बघ. या दोन्हींच्या मधे जिथं आग एकदम पार जायला लागते, त्या वळणाला पर्कोलेशनचा, म्हणजे झिरपत पार जाण्याचा, उंबरठा म्हणतात. घरांच्या खूप मोठ्या जाळीवर तो ०.५९३ च्या आसपास येतो, म्हणजे शंभरातली साधारण ५९ घरं गवताची. एकाही काडीला हा आकडा ठाऊक नसतो, तो सगळ्यांचा मिळून असतो. छोट्या जाळीत तो धूसर दिसेल, घाबरू नको. लाइट असेल तेव्हा पायथॉनमध्ये २०० बाय २०० कर.

मग आयझिंगचं प्रारूप: घरांऐवजी छोटे चुंबक, प्रत्येकाचं तोंड वर की खाली, अन् प्रत्येक जण शेजाऱ्यासारखं व्हायला बघतो. आयझिंगनं १९२५ मध्ये चुंबकांची एकच ओळ सोडवली, तिथं निरपेक्ष शून्य तापमानाच्या वर असा एकदम बदल होतच नाही. ऑन्सागरनं १९४४ मध्ये सपाट जाळी सोडवली, तिथं होतो.

अन् एक. लॉग-लॉग कागदावर, म्हणजे दोन्ही बाजूंनी १, १०, १०० असा पटीनं आखलेल्या, चार ठिपके सरळ आले म्हणून ‘पॉवर लॉ (घाताचा नियम) सापडला’ ओरडू नको. मी ओरडलो होतो. कापसाच्या भावाचं मॉडेल तर सध्या नकोच, आधी गवत जाळ. वहीतलं.