खाते एक, प्रकार तीन : टेबले किती करावीत?

प्रश्न : आम्ही एका नागरी सहकारी पतसंस्थेसाठी जावा ही प्रोग्रामिंग भाषा आणि हायबरनेट (जावातील माहिती डेटाबेसच्या टेबलांत साठवणारे साधन) वापरून सॉफ्टवेअर लिहीत आहोत. ‘खाते’ हा पॅरेंट क्लास (सामाईक साचा) असून बचत खाते, मुदत ठेव आणि कर्ज खाते हे त्याचे तीन चाइल्ड क्लास (त्यावरून केलेले विशेष साचे) आहेत. त्याच धर्तीवर ‘व्यक्ती’ या क्लासखाली सभासद, कर्जदार आणि जामीनदार असे क्लास केले आहेत. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. सर्व प्रकार एकाच टेबलात ठेवावेत, की प्रत्येकाचे टेबल वेगळे करावे? जुन्या सॉफ्टवेअरमधील खाती लवकरच नव्या डेटाबेसमध्ये आणायची आहेत.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण खात्याबद्दल विचारले आहे, परंतु मला अधिक काळजी ‘व्यक्ती’ची वाटते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. आज केवळ सभासद असलेली व्यक्ती उद्या कर्ज घेते, आणि स्वतःचे कर्ज फेडत असतानाच शेजाऱ्याला जामीन राहते. जावामध्ये एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा (क्लासच्या साच्यातून बनलेल्या प्रत्यक्ष नोंदीचा) क्लास बदलत नाही, आणि एकच ऑब्जेक्ट एकाच वेळी आपल्या दोन चाइल्ड क्लासांचे असू शकत नाही. त्यामुळे आपल्या रचनेत त्या व्यक्तीच्या तीन नोंदी होतील, तीन ठिकाणी पत्ता लिहिला जाईल आणि तो एकाच ठिकाणी बदलला जाईल. कर्जदार असणे किंवा जामीनदार असणे ही त्या व्यक्तीची त्या विशिष्ट कर्जापुरती भूमिका आहे. म्हणून ‘व्यक्ती’ हे एकच टेबल ठेवावे, आणि कोणत्या कर्जाला कोण जामीन आहे हे सांगणारे वेगळे टेबल करावे. येथे इनहेरिटन्स (पॅरेंट क्लासचे गुण चाइल्ड क्लासांनी वारशाने घेणे) काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खात्याचे तसे नाही. बचत खाते कधी कर्ज खाते होत नाही. मुदत ठेव संपली की रक्कम बचत खात्यात वर्ग होते किंवा नवी पावती निघते, पण खात्याचा प्रकार पालटत नाही. येथे इनहेरिटन्स शोभतो. रिलेशनल (म्हणजे टेबलांच्या रूपात माहिती ठेवणाऱ्या) डेटाबेसच्या मूळ मांडणीत वारसा ही कल्पनाच नसल्यामुळे तो टेबलांत कसा बसवायचा हे आपल्याला ठरवावे लागते, आणि 2006 साली आलेल्या जेपीए या जावाच्या मानकाने त्यासाठी तीन मार्ग दिले आहेत.

त्यांपैकी ‘टेबल पर क्लास’, म्हणजे प्रत्येक प्रकाराचे पूर्ण स्वतंत्र टेबल, हा मार्ग आपण लगेच बाजूला ठेवावा. त्यात सर्व खात्यांचे मिळून एक ‘खाते’ टेबल राहत नाही, त्यामुळे रोजच्या व्यवहारांच्या टेबलातून खात्याकडे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील नोंद खरोखर आहे ना, हे तपासणारा दुवा) लावता येत नाही. एका सभासदाची सर्व खाती पाहायची तर तिन्ही टेबलांची युनियन करावी लागते, म्हणजे त्यांतील नोंदी एकाखाली एक जोडाव्या लागतात. शिवाय हा मार्ग उपलब्ध करून देणे जेपीएने बंधनकारकही केलेले नाही.

‘सिंगल टेबल’, म्हणजे सर्व प्रकार एकाच टेबलात, हा मार्ग वेगाने चालतो, कारण जॉइन (दोन टेबलांतील नोंदी जुळवणे) लागत नाही. त्यावर रिकाम्या कॉलमांमुळे जागा वाया जाते असा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण पोस्टग्रेसमध्ये नलसाठी (रिकाम्या जागेसाठी) नोंदीच्या सुरुवातीच्या, कोणते कॉलम रिकामे आहेत हे सांगणाऱ्या बिटमॅपमध्ये कॉलममागे केवळ एक बिट लागतो, म्हणून मी त्याला फारसे महत्त्व देत नाही. बचत खात्याला मुदत संपण्याची तारीख नसल्यामुळे त्या कॉलमवर ‘नॉट नल’ (रिकामे चालणार नाही) हे बंधन लावता येत नाही हे खरे. मात्र प्रकार मुदत ठेव असेल तर तारीख असलीच पाहिजे, असा चेक कन्स्ट्रेंट (नोंद लिहिताना डेटाबेस तपासतो अशी अट) लिहिता येतो. खरी अडचण निराळी आहे. जामीनदारांच्या टेबलाची फॉरेन की सर्वसाधारण ‘खाते’ टेबलाकडे जाईल, आणि चुकून एखाद्या बचत खात्याला जामीनदार जोडला गेला, तर डेटाबेस तो निमूटपणे स्वीकारील. हप्त्यांच्या वेळापत्रकाचेही तेच होईल.

याच कारणासाठी आपल्या कामात मी ‘जॉइन्ड’, म्हणजे सामाईक माहितीचे एक टेबल आणि प्रत्येक प्रकाराचे जोडटेबल, हा मार्ग निवडीन. त्यात खाते क्रमांक, शाखा, सभासद आणि खाते उघडल्याची तारीख ‘खाते’ टेबलात राहते, आणि प्रत्येक प्रकाराच्या टेबलाची प्रायमरी की (नोंद एकमेव ओळखणारा क्रमांक) हीच ‘खाते’कडे जाणारी फॉरेन की असते. जामीनदार आणि हप्ते थेट ‘कर्ज खाते’ टेबलाशी बांधता येतात. सर्व प्रकारची खाती एकत्र मागवताना हायबरनेट तिन्ही टेबलांना लेफ्ट जॉइन करतो (जुळणारी नोंद नसली तरी खाते दाखवतो), हा त्याचा खर्च आहे. परंतु व्याजाची आकारणी प्रकारानुसारच होत असल्याने तेथे दोनच टेबले प्रायमरी कीवर जोडली जातात, आणि तेवढा भार पोस्टग्रेस सहज पेलतो. एकच खाते दोन प्रकारांच्या टेबलांत शिरणार नाही, याची हमी मात्र ही रचना स्वतःहून देत नाही. त्यासाठी ‘खाते’ टेबलात प्रकाराचा कॉलम ठेवावा, आणि त्याची किंमत, म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी तेथे काय लिहायचे ते, स्वतः नेमून द्यावी. ती न नेमल्यास एंटिटीचे (डेटाबेसमध्ये साठवल्या जाणाऱ्या क्लासचे) नावच तेथे लिहिले जाते, आणि पुढे कोणी क्लासचे नाव बदलले की जुन्या नोंदी ओळखल्या जात नाहीत. तोच कॉलम प्रत्येक चाइल्ड टेबलात ठरावीक किमतीसह ठेवून, क्रमांक आणि प्रकार या जोडीवर फॉरेन की लावली की ती फटही बुजते.

जुनी खाती आणण्यापूर्वीच ही सर्व बंधने डेटाबेसमध्ये लावून घ्यावीत. तारीख नसलेल्या ठेवी आणि ज्यांचा नोंदवलेला जामीनदार ‘व्यक्ती’ टेबलात सापडत नाही अशी कर्जे जी काही असतील, ती शोधण्याचे काम त्यामुळे आयातीच्या वेळीच होईल, आणि ज्यांच्याकडे मूळ पावत्या व करारपत्रे आहेत त्या शाखेतील कर्मचाऱ्यांना ती यादी दाखवता येईल. जामीनदार किमान किती हवेत ही अट मात्र फॉरेन कीने तपासता येत नाही. त्यासाठी आयातीनंतर एक स्वतंत्र क्वेरी चालवावी.