डक्टमध्ये बसणारा संपूर्ण घराचा एअर प्युरिफायर घ्यावा का?

आपण विचारले आहे की, कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटमध्ये जुने, तीन बेडरूमचे घर घेतले आहे, सात वर्षांच्या मुलीला दमा आहे, वणव्यांच्या धुराची धास्ती वाटते आणि फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या यंत्राच्या) सर्व्हिसिंगला आलेल्या तंत्रज्ञाने डक्टमध्ये, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या नळात बसणारी, अतिनील दिवा असलेली आणि आयन (विद्युतभारित कण) सोडणारी ‘संपूर्ण घराची’ यंत्रणा सुचवली आहे. ती घ्यावी का? माझे स्पष्ट मत आहे की ती घेऊ नये. मात्र डक्टमधून घरभराची हवा गाळून घेण्याची मूळ कल्पना उत्तम आहे आणि ती आपल्या सध्याच्या फर्नेसवरच, बऱ्याच कमी खर्चात साधता येण्याची शक्यता आहे. मी अनेक वर्षे सॅन होजेत राहतो आणि माझ्याही मुलाला दमा आहे, त्यामुळे हा विषय मला शिकूनच घ्यावा लागला.

आधी नकाराचे कारण सांगतो. हवेत आयन सोडणाऱ्या काही उपकरणांतून ओझोन तयार होतो, आणि ओझोन दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांना थेट त्रास देतो. कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने घरगुती उपकरणांसाठी ओझोनची मर्यादा ०.०५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग) ठेवली असून प्रमाणित उपकरणांची यादी सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. तंत्रज्ञाने सुचवलेले मॉडेल त्या यादीत आहे का, एवढे तरी अवश्य पाहावे. अतिनील दिव्याचे म्हणाल तर एसीच्या ओलसर कॉइलवर बुरशी धरू नये म्हणून त्याचा उपयोग होतो, परंतु डक्टमधून वेगाने जाणारी हवा त्याच्यासमोर क्षणभरही थांबत नाही आणि धुराचा एकही कण त्याने कमी होत नाही. आपली काळजी धुराची आहे, म्हणून आपल्याला हवा आहे तो फिल्टर.

धुरातील घातक भाग म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण, आणि त्यांतील बहुसंख्य तर एका मायक्रॉनहूनही लहान असतात. फर्नेसच्या फिल्टरवर ‘मर्व्ह’ हा आकडा छापलेला असतो; तो जितका मोठा, तितके बारीक कण फिल्टर अडवतो. मर्व्ह ८ च्या फिल्टरला ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांसाठी कोणतीही अटच नाही. तो धूळ आणि केस अडवतो, धूर नव्हे. मर्व्ह १३ ला मात्र त्याच आकाराचे किमान ५० टक्के आणि १ ते ३ मायक्रॉनचे किमान ८५ टक्के कण अडवावे लागतात. पन्नास टक्के ऐकून निराश होऊ नये, कारण घरातील तीच हवा दिवसभरात पुन्हा पुन्हा फिल्टरमधून जाते. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियात नव्या घरांच्या डक्ट यंत्रणेला मर्व्ह १३ सक्तीचा झाला; आपले घर त्याआधीचे असल्याने ही सोय आपणच करून घ्यायची आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एक इंच जाडीचा दाट फिल्टर जुन्या फर्नेसच्या पंख्याला जड जाऊ शकतो. तंत्रज्ञाला ‘स्टॅटिक प्रेशर’, म्हणजे हवा ढकलताना पंख्याला सोसावा लागणारा दाब, मोजून द्यायला सांगावे. तो इंच पाण्यात मोजतात. बहुतेक घरगुती फर्नेस ०.५ इंच पाण्याच्या दाबासाठी बनवलेले असतात. आकडा त्याच्या बराच वर जात असेल तर चार किंवा पाच इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घ्यावी. जाड फिल्टरमध्ये घड्यांचा पृष्ठभाग अधिक असतो, त्यामुळे हवा सहज जाते आणि तो टिकतोही जास्त. माझ्या मते खर्च करायचाच असेल तर तो या पेटीवर करावा.

पण नुसता चांगला फिल्टर आणून भागत नाही, हे मला नोव्हेंबर २०१८ मध्ये कळले. पॅराडाइज गावाला बेचिराख करणाऱ्या वणव्याचा धूर दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या आमच्या घरांवर जवळजवळ दोन आठवडे बसून होता आणि १६ नोव्हेंबरला या भागातील कित्येक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्याकडे मर्व्ह १३ होता, तरी मुलाचा खोकला थांबेना. शेवटी टॉर्च घेऊन फर्नेसची झडप उघडली, तेव्हा फिल्टरच्या पुठ्ठ्याची चौकट आणि पत्र्याची खाच यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट दिसली, आणि त्या फटीच्या रेषेत आतल्या पत्र्यावर काळपट पट्टा उमटला होता. हवा फिल्टरला वळसा घालून जात होती. फट फोमच्या पट्टीने आणि झडपेची कड ॲल्युमिनियमच्या टेपने बंद केली. दुसरी चूक त्याहून साधी होती: थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’वर होता, म्हणजे हीटर किंवा एसी चालू असेल तेवढाच वेळ हवा गाळली जात होती. आपल्या सौम्य हवामानात तो वेळ फारच थोडा असतो. धुराच्या दिवसांत पंखा ‘ऑन’वरच ठेवावा. जुन्या पद्धतीची मोटर चार-पाचशे वॅट वीज खाते, नवी त्याहून बरीच कमी. तेवढा खर्च त्या दिवसांत सोसावा.

धूर डोळ्यांनी जोखू नये, हेही सांगावेसे वाटते. ९ सप्टेंबर २०२० रोजी सगळे आकाश नारिंगी झाले होते, दुपारी दिवे लावावे लागले. तरी त्या दिवशी धूर उंचावर असल्याने जमिनीलगतची हवा पुढच्या काही दिवसांपेक्षा बरी होती. पीएम २.५, म्हणजे वर सांगितलेल्या २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांचे प्रमाण दाखवणारे छोटे मीटर घरात असणे म्हणूनच उपयोगी पडते.

आणि ते मीटर एकदा फोडणी देताना ओट्याजवळ ठेवून पाहावे. वणवा नसतानाही मोहरी-मिरचीची फोडणी, तव्यावरचे थालीपीठ आणि देवघरातील उदबत्ती घरातील कणांचा आकडा झरझर वर नेतात. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड तर मर्व्ह १३ फिल्टरमध्ये अडकतही नाही. तो बाहेर घालवणे हाच उपाय आहे. येथील अनेक घरांत शेगडीवरच्या मायक्रोवेव्हचा पंखा हवा बाहेर सोडतच नाही, जाळीतून फिरवून पुन्हा स्वयंपाकघरात सोडतो. तो बाहेर जोडता येत असेल तर जोडून घ्यावा, तोवर खिडकी उघडावी आणि हूड बाहेर हवा सोडत असेल तर फोडणी मागच्या बर्नरवर करावी, कारण हूड तिथला धूर अधिक चांगला ओढतो. बाहेरची हवा चांगली असेल त्या दिवशी खिडक्या उघडण्यात कंजुषी करू नये. बंद घरात साठणारा कार्बन डायऑक्साइड कोणताही प्युरिफायर कमी करत नाही.

मुलीच्या खोलीसाठी मात्र हेपा फिल्टरचा (अतिशय बारीक कण अडवणाऱ्या दाट फिल्टरचा) वेगळा प्युरिफायर घ्यावा. वणव्याच्या धुरासाठी त्याचा धुराचा सीएडीआर (दर मिनिटाला तो किती घनफूट स्वच्छ हवा देतो तो आकडा) खोलीच्या चौरस फुटांइतका तरी असावा, म्हणजे दीडशे चौरस फुटांना दीडशे. झोपण्याच्या तासभर आधी दार लावून तो पूर्ण वेगावर चालवावा, नंतर आवाज सहन होईल इतपत वेग कमी करावा. फिल्टरचे दोन जादा नग जुलै संपण्यापूर्वी घरात आणून ठेवावेत. धूर आला की दुकानांतील मांडण्या दोन दिवसांत रिकाम्या होतात.