जगातल्या कुठल्या सार्वजनिक पाट्या वाचून तुम्ही गोंधळलात किंवा हसून हसून लोळलात?

पुणेरी पाट्यांवर इथे उत्तरं भरभरून येतील म्हणून त्या मी सोडून देते. आणि ठाण्यात राहून पुण्याचं कौतुक तरी किती करायचं.

तुम्ही जगभरातल्या विचारल्यात, पण माझ्या मते बाहेरगावच्या माणसाला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी पाटी आमच्या नौपाड्यात आहे. राम मारुती रोडच्या आसपास फिरलात तर रस्त्याच्या एका बाजूला पी-१ आणि समोर पी-२ असं लिहिलेलं दिसेल. एका बाजूला सम तारखेला गाडी लावायची, दुसऱ्या बाजूला विषम तारखेला. बस एवढंच. ज्याला माहितीये त्याला यात काही विशेष वाटत नाही, पण कल्याण-डोंबिवलीकडून साडी खरेदीला आलेलं कुटुंब बघा, बायको दुकानात शिरलेली असते आणि नवरा स्कूटर अर्धी स्टँडवर घेऊन गजरेवाल्या मावशींना विचारतोय, "मावशी, आज तारीख काय हो?" मावशी म्हणतात, "मला काय माहीत, आज चतुर्थी आहे एवढं माहितीये." आता चतुर्थीवरून पी-१ की पी-२ कसं काढायचं सांगा. तेवढ्यात कोपऱ्यावर टोइंगची गाडी दिसते, मग तो तारीख वगैरे सगळं सोडून स्कूटर घेऊन पळतो.

या नियमात एक मजा आहे जी फार जणांच्या लक्षात येत नाही. ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम. म्हणजे वर्षात सात वेळा, आणि लीप वर्षात २९ फेब्रुवारीमुळे अजून एकदा, विषम बाजूवाल्यांना सलग दोन दिवस मिळतात आणि सम बाजूवाल्यांना कधीच मिळत नाहीत. आमच्या ओळखीतले एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, ते हे हिशोब ठेवून असतात आणि ३० तारखेला रात्री बारानंतर खाली उतरून गाडी फिरवतात की आता दोन दिवस बघायला नको.

आणि ही भानगड फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. रस्त्यावरच्या चिन्हांचा १९६८ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, व्हिएन्ना कन्व्हेन्शन, त्यात यासाठी वेगळं चिन्हच दिलंय. निळा गोल, लाल काट आणि मध्ये पांढरी उभी रेघ. एक रेघ असली तर विषम तारखेला पार्किंग बंद, दोन असल्या तर सम तारखेला बंद. स्पेनमध्ये वगैरे ही चिन्हं दिसतात. आता कल्पना करा, नौपाड्यातला माणूस तिथे गेला आणि त्याने गोलात दोन रेघा पाहिल्या. काय समजेल? लिफ्ट? पॉजचं बटण? पण घरी तो रोज हाच नियम पाळतोय!

म्हणून मला वाटतं की पाटी मुळात विचित्र नसतेच, ती आपल्यासाठी लिहिलेली नसते. लिहिणाऱ्याने समोर एक माणूस धरलेला असतो ज्याला मागचं सगळं माहितीये, आणि आपण मध्येच येऊन ती वाचतो.

रेल्वेचं घ्या. लोकलच्या खिडकीतून रुळाकडेला पिवळी पाटी दिसते, त्यावर "सी/फा" लिहिलेलं. लहानपणी मला वाटायचं हे कुठल्या तरी स्टेशनचं नाव आहे आणि गाडी तिथे थांबतच नाही. त्याचा अर्थ सीटी/फाटक, म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा. ती पाटी मोटरमनसाठी आहे, आपल्यासाठी नाहीच. मेल गाडीच्या शेवटच्या डब्यावर मागे मोठी पिवळी फुली असते, तीही प्रवाशांसाठी नाही. स्टेशनवरून गाडी गेली की तिथला माणूस ती फुली बघतो, फुली दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली, मागे कुठे डबा सुटून राहिला नाही. १८५३ पासून ठाण्यात रेल्वे आहे आणि अजून निम्म्या ठाण्याला ती फुली का असते ते माहीत नसेल, मी पैज लावते.

जपानची एक पाटी मला फार आवडते. टोकियोत काही मोठ्या रस्त्यांवर मिशीवाल्या माशाचं चित्र असलेला बोर्ड आहे. मासा म्हणजे आपला मांगूर असतो ना, तसाच. आपल्याला वाटणार पुढे मासळी बाजार आहे. पण त्याचा अर्थ आहे, मोठा भूकंप झाला की हा रस्ता साध्या गाड्यांना बंद, फक्त ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड वगैरेंसाठी. का? तर जपानी लोककथेत जमिनीखाली एक अवाढव्य मांगूर राहतो आणि तो वळवळला की भूकंप होतो. आपल्याकडे शेषाने डोकं हलवलं की पृथ्वी हादरते म्हणतात त्यातलाच प्रकार. म्हणजे जगातल्या सगळ्यात आधुनिक शहरांपैकी एक, आणि आपत्तीच्या वेळचा इतका गंभीर नियम सांगायला त्यांनी आजीच्या गोष्टीतला मासा घेतला. बरोबरच आहे, तिथल्या पोराटोरांनाही तो मासा माहीत असणार. आपण बघितला तर मात्र तळून खायचा विचार येणार.

नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड नावाची बेटं आहेत. तिथे लाँगयीअरब्येन या गावाच्या वेशीवर लाल त्रिकोणात पांढरं अस्वल आहे आणि खाली लिहिलंय, हे संपूर्ण स्वालबार्डला लागू. बाकी ठिकाणी प्राण्यांच्या पाटीवर पुढचे दोन किलोमीटर, पाच किलोमीटर असं काहीतरी असतं, इथे अख्खा प्रदेशच. लोक त्या पाटीखाली हसत हसत फोटो काढतात, पण गावाबाहेर जायचं तर अस्वलाला पळवायचं साधन जवळ ठेवावं लागतं, बरेच जण बंदूक घेऊनच निघतात. आमच्या येऊरच्या जंगलात कसं, बिबट्यापासून सावध असा बोर्ड आणि त्याच्याच खाली मंडळी सकाळी वॉकला आलेली, हातात चहाचा कप. बिबट्या असतो, ते सगळ्यांना माहितीये, पण बोर्ड रोजचा झाला की तो दिसेनासा होतो.

ऑस्ट्रेलियात नलार्बरच्या माळरानातून जाणाऱ्या आयर हायवेवर उंट, वॉम्बॅट (तिथलाच एक बुटका, गुबगुबीत प्राणी) आणि कांगारू अशा तिघांची एकत्र पाटी आहे, पुढचे ९६ किलोमीटर. कांगारू ठीक आहे, पण उंट? तर १९व्या शतकात तिथल्या वाळवंटात सामान वाहायला उंट नेले होते, १८६० मध्ये एका मोहिमेसाठी कराचीहून बोटीने दोन डझन उंट मेलबर्नला गेले. नंतर मोटारी आल्यावर उंट रानात सोडून दिले आणि त्यांची प्रजा वाढत गेली. म्हणजे त्या पाटीवरचा एक जण आपल्याच बाजूचा आहे.

आता रस्त्याचं काम चालू आहे ही पाटी, लाल त्रिकोणात फावडं घेतलेला माणूस, ती तर तुम्ही बघितलीच असेल. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडला इतकी वर्षं ती होती की तिलाच स्टेशन द्यायला हवं. अशीच पाटी ब्रिटनमध्येही आहे. जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी १९६० च्या दशकात तिथल्या रस्त्यांच्या सगळ्या पाट्या नव्याने केल्या. आणि तिथे लोक गंमतीत म्हणतात की हा माणूस खोदत नाहीये, छत्री उघडायची खटपट करतोय. एकदा हे कळलं की दुसरं काही दिसतच नाही, करून बघा. आणि जुलैमध्ये घोडबंदरला तर मला खात्रीच पटते की तो छत्रीच उघडतोय, कारण खोदकाम करताना मी कोणाला फारसं बघितलेलं नाही. तिथल्या शाळेच्या पाटीवर लहान मुलाचा हात धरून नेणारी मुलगी आहे ना, ती कॅल्व्हर्टबाईंनी स्वतःच्या लहानपणीच्या रूपावरून काढली.

सिंगापूर मी स्वतः बघितलंय, ऑफिसच्या कामाला गेले होते तेव्हा. मेट्रोत एका ओळीत चार चित्रं: सिगारेट ओढाल तर १,००० डॉलर दंड, खाल-प्याल तर ५००, पेट्रोलसारखं पेटणारं काही आणलंत तर ५,०००. आणि चौथं चित्र ड्युरियनचं, त्यावर काट मारलेली, पण खाली दंडच नाही! ड्युरियन म्हणजे फणसासारखं काटेरी फळ, वास असा की हॉटेलंसुद्धा आत आणू देत नाहीत. मी त्या पाटीकडे पूर्ण प्रवासभर बघत होते. दंड का नाही? लाज वाटून आपोआप सोडून देतील अशी अपेक्षा? की इतका मोठा गुन्हा की आकडा लिहिता येत नाही? शेजारी बसलेल्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कोण आणेल? सगळे बघतील ना." म्हणजे चारातल्या तीन पाट्या पैशाच्या आणि चौथी लोक काय म्हणतील याच्यावर चालते. ठाणे स्टेशनला भिंतीवर "येथे लघुशंका करू नये" लिहून काही झालं नाही, मग शेजारी सगळ्या देवांच्या टाइल्स लावल्या, तेव्हा कुठे कोपरा कोरडा राहिला. तोच नियम.

सीमेजवळचे रस्ते बांधणाऱ्या बीआरओच्या (बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन) पाट्या सगळ्यांनी लडाखच्या ट्रिपमध्ये बघितल्यात, "आफ्टर व्हिस्की ड्रायव्हिंग रिस्की" वगैरे, त्यावर जास्त लिहीत नाही. हसवतात, पण गोंधळात टाकत नाहीत.

उलट एक पाटी अशी आहे जी अगदी तुमच्यासाठीच लिहिलीये, मोठ्या अक्षरात, दिवे लावून, आणि तरी कोणी वाचत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात डरहॅम गावात रेल्वेचा एक पूल आहे, आधी रस्त्यापासून ११ फूट ८ इंच होता. त्याखाली ट्रक अडकून टप साबणाच्या वडीसारखं तासलं जातं. पुलाच्या अलीकडे पाट्या आहेत, उंच गाडी आली की सेन्सर ओळखतो, सिग्नल लाल होतो आणि बोर्ड चमकतो की गाडी उंच आहे, वळा. लोक लाल सिग्नलला थांबतात, हिरवा झाला की सरळ आत. रस्ता खाली घ्यावा तर खालून मोठी गटाराची लाइन जाते. शेवटी २०१९ मध्ये पूलच ८ इंच वर उचलला. आता तो १२ फूट ४ इंच आहे आणि ट्रक अजूनही आदळतात. शेजारच्या ऑफिसातल्या एकाने २००८ पासून कॅमेरा लावून ठेवलाय, व्हिडिओ शोधून बघा, रविवार जाईल.

आमच्या एका जुन्या सोसायटीत याचा अगदी उलटा प्रकार झाला होता. लिफ्टशेजारी स्केचपेनने लिहिलेली नोटीस: "कालची सूचना कृपया ग्राह्य धरू नये. हुकुमावरून." आणि कालची सूचना काढून टाकलेली! काल काय होतं हे कोणालाच माहीत नाही. पाणी येणार नव्हतं की येणार होतं? पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सरळ सगळे ड्रम भरून ठेवले, तिसऱ्या मजल्याने म्हटलं म्हणजे पाणी नक्की येणार, आणि सेक्रेटरी गावाला.

पण तुम्ही एकच निवडायला सांगितलंत तर मी वेल्समधली निवडेन. २००८, स्वान्सी. तिथे पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत लावतात. पालिकेला एका रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी लिहायची होती म्हणून त्यांनी इंग्रजी मजकूर भाषांतर करणाऱ्याला मेल केला. लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं. ऑफिसात वेल्श वाचणारं कोणी नव्हतं, त्यामुळे आलेलं जसंच्या तसं पाटीवर छापून रस्त्यावर लावलं. वर इंग्रजीत, अवजड वाहनांना प्रवेश नाही. खाली वेल्शमध्ये, "मी सध्या ऑफिसात नाही. भाषांतराचं काम असेल तर पाठवून द्या." सुट्टीवर गेलेल्या माणसाचा ऑटो-रिप्लाय होता तो. वेल्श येणाऱ्या लोकांच्या लक्षात आल्यावर पाटी काढली, पण तोवर फोटो सगळीकडे गेले होते.

तुमच्याकडे अशी कुठली असेल तर फोटोसकट टाका, नुसतं वर्णन नको.