खूप फोटो एकावर एक चढवून अ‍ॅबस्ट्रॅक्ट फोटो कसा करतात? माझ्यात एकतर वरचे दोन-तीनच दिसतात नाहीतर सगळं राखाडी होतं

माझंही सुरुवातीला हेच व्हायचं, दोन्ही गोष्टी सुटतात, धीर धरा.

वरचेच दिसतात कारण तुम्ही सगळ्या लेयरना, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या फोटोंना, सरसकट ५० टक्के ओपॅसिटी (अपारदर्शकता) देताय. मग सगळ्यात वरचा अर्धा वाटा खातो, त्याच्या खालचा पाव, आणि तळातल्यांना काही उरतच नाही. तळाला १००, मग ५०, ३३, २५, २० असं द्या, म्हणजे खालून जितका नंबर त्याने १०० ला भागायचं, विसाव्याला ५. आता सगळ्यांचा वाटा सारखा. हा हिशोब जुनाच आहे, इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात कैद्यांचे चेहरे फोटोच्या एकाच काचेवर (प्लेटवर) असेच घेतले, आठ चेहरे तर प्रत्येकाला एक्सपोजरचा, म्हणजे प्रकाश पडू देण्याच्या वेळेचा, आठवा हिस्सा. त्याला गुन्हेगाराचा 'नमुना' चेहरा हवा होता आणि निघाला साधासुधा, मूळ चेहऱ्यांपेक्षा देखणा माणूस! त्याचे वंशाबद्दलचे विचार मला अजिबात मान्य नाहीत, पण ही पद्धत शिकण्यासारखी आहे.

राखाडीचं कारण वेगळं. सगळंच हललं तर सगळंच विरघळतं, एक गोष्ट जागेवर धरावीच लागते. फोटोग्राफर पेप व्हेंटोसाची 'इन द राउंड' ही झाडांची मालिका बघाच, तो झाडाभोवती फिरत फोटो काढतो आणि एकात एक मिसळतो. मी वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गावच्या वडाला बारा पावलांवरून फेरी मारली, २४ फोटो, दरवेळी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या ग्रिडची (चौकटीच्या रेघांची) मधली रेघ बुंध्यावर. फोटो आपोआप जुळवणारं ऑटो अलाइन वापरू नका, मागचं दृश्य प्रत्येक फोटोत वेगळं असल्याने ते गोंधळतं, बुंध्यावर बुंधा हातानेच बसवा. १६ बिटमध्ये (रंगछटा जास्त बारीक साठवणाऱ्या मोडमध्ये) काम करा आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, कर्व्हज या टूलने शेवटी वाढवा, अ‍ॅव्हरेज केलं की तो पडतोच.

माझ्या फोटोत मागची घरं, पत्रे, उभा टेम्पो सगळं धुक्यासारखं झालं, पारंब्या पेन्सिलीच्या रेघांसारख्या. पण बायकांनी गुंडाळलेला दोरा बुंध्याभोवती सगळीकडून साधारण एकाच उंचीवर होता, म्हणून तो पांढरा पट्टा स्पष्ट राहिला, मला तर तो बघून भरून आलं. वाणाचे आंबे एकाच बाजूला होते, चार-पाच फोटोंतच आले, त्यांचे मुळाशी फिकट पिवळे डाग उरलेत, ते मी पुसले नाहीत.